अकरा कल्पना आणि एक वही

मॅडम, मी कुडाळ तालुक्यातल्या एका गावात राहते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेऊन. घरची सहा रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडं आहेत. गेल्या मे महिन्यात आईच्या बचत गटाबरोबर आमसुलं आणि कोकम सरबत केलं आणि मुंबईच्या ओळखीच्या लोकांना विकलं. सरबताच्या 40 बाटल्या 120 रुपयांनी गेल्या, बाटलीमागे 50 रुपये सुटले. मला स्वतःचा व्यवसाय करायचाय. माझ्या कल्पना अशा : कोकम सरबत, आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), बाटलीबंद सोलकढी, सोलकढीची पावडर, मुठेलाचा (कोकमाच्या बियांच्या तेलाचा) लिप बाम, साबण, फणसाचे गरे, काजू मोदक, आंबा वडी आणि बागायतदारांसाठी ॲप. माझ्या जमेच्या बाजू : मेहनती, जिद्दी, प्रामाणिक, नेतृत्वगुण. कमकुवत बाजू : चारचौघांत बोलता येत नाही. यातली कुठली कल्पना निवडू? बाबा एसटीत कंडक्टर आहेत. ते म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे.

पत्राच्या तळाशी बाबांच्या अक्षरात एक ओळ आहे : "मॅडम, तिला समजवा. धंदो आपल्या रगतात नाय."

तुझ्या पत्रासोबत वहीच्या चार पानांचे फोटो आले आहेत आणि पत्रात त्यांच्याबद्दल तू एक शब्दही लिहिलेला नाहीस. मी पत्र एकदा वाचलं, वही तीनदा वाचली.

जमेच्या बाजू म्हणून तू जे चार शब्द लिहिलेस, ते माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पत्रात असतात. ते खोटे असतात असं नाही, पण त्यांच्यावरून मला कुणालाच काही सांगता येत नाही. मेहनती मुलीने सरबत करावं की साबण, हे 'मेहनती' या शब्दातून कसं कळणार? म्हणून मी विचारते, कुणी सांगितलं नसताना तू काय केलंस? त्याचं उत्तर वहीत आहे. आमसुलांची प्रत्येक खेप तू तारखेनिशी लिहिली आहेस. ओल्या साली किती किलो, रसाचे पुट किती, ऊन की ढग, वाळायला किती दिवस, उतरलं किती. पहिल्या आठवड्यातली खेप पाच दिवसांत वाळली, शेवटच्या आठवड्यातलीला नऊ दिवस लागले. समोर बारीक अक्षरात लिहिलंयस, "डोंबिवलीच्या तीन पाकिटांत बुरशी, हीच खेप, पाकिटं बदलून दिली." बुरशी आलेली पाकिटं कुठल्या खेपेतली होती, हे ज्याला शोधून काढता येतं, त्याला खाण्याच्या धंद्यात उभं राहता येतं. घराघरांतून आमसुलं करणाऱ्या शंभर बायकांपैकी हे कितीजणींना सांगता येईल, तूच विचार कर. तुझी जमेची बाजू ही आहे. हिला वहीतल्यासारखंच साधं नाव दे : मी नोंद ठेवते आणि चूक कुठे झाली ते शोधते.

आता तोच डोळा सरबताच्या हिशेबाकडे वळव. साखर 28, रातांबे 20, बाटली-झाकण-लेबल 22, एकूण 70. विक्री 120, म्हणून सुटले 50. यात मुंबईला माल पोचवायचे पैसे नाहीत, ते बाटलीमागे 15 तरी धर. फुटलेल्या-गळलेल्या बाटल्यांचे 5 धर. आणि आईचे आणि तुझे हात फुकट धरलेत. तुझ्याच वहीप्रमाणे 40 बाटल्यांना तुम्ही दोघी दोन दिवस, रोज पाच-पाच तास बसलात. म्हणजे 20 तास. तासाला फक्त 60 रुपये धरले तरी 1200 रुपये होतात, बाटलीमागे 30. आता बेरीज कर : 70 अधिक 15 अधिक 5 अधिक 30. एकशे वीस. सुटलं काहीच नाही. गावागावांत हेच होतं. आईचं काम हिशेबात धरायचं राहून जातं आणि त्याला आपण नफा म्हणतो. तू तसं करू नकोस, आईसाठी तरी करू नकोस.

त्याच पानावर आणखी एक ओळ आहे : "साखर कमी केली, 4 बाटल्यांची झाकणं फुगली." गोड फार होतं म्हणून लोक सांगतात, आपण साखर कमी करतो आणि सरबत आंबतं. तू रसायनशास्त्र शिकतेस, तुला हे पटकन कळेल. फळांच्या सिरपसाठी अन्न सुरक्षेच्या नियमांत विद्राव्य घनपदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान 65 टक्के असावे लागतात, कारण इतक्या दाट पाकात यीस्टला हातपाय पसरता येत नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर सरांना विचारून पुढच्या वेळी प्रत्येक बरणीतला एक थेंब त्यावर ठेव आणि आकडा वहीत लिही. बाटलीबंद सरबत करणाऱ्याला हे यंत्र विकत घ्यावं लागतं आणि शिकावं लागतं, तुला ते वर्गातच शिकायला मिळतंय.

कल्पनांकडे येते. तुझ्या अकरा कल्पनांपैकी बऱ्याच बाजूला ठेवायला वेळ लागणार नाही. सोलकढीत नारळाचं दूध असतं, ती काही तासांत खराब होते. शीतपेटीशिवाय ती गावाबाहेर जाणार नाही. पावडरीसाठी जी यंत्रं लागतात ती आज तुझ्या आवाक्यात नाहीत. गरे, मोदक, वडी हे पदार्थ चांगले आहेत, पण त्यांत तुझ्या वहीचा उपयोग काय? ते तुझ्याहून जुने हात तुझ्याहून स्वस्तात करतात. ॲपबद्दल पत्रात एकच ओळ आहे, तीही उत्साहाची नाही, म्हणून मीही तेवढ्यावरच सोडते.

लिप बाम आणि साबणावर मात्र थांबायला हवं. मुठेल भेगांवर लावायचं आजीचं औषध म्हणून घरोघरी असतं, तेव्हा त्याचा बाम करून डबीत भरला तर काय बिघडलं, असं वाटतं. बिघडतं असं की ओठांना-अंगाला लावायची वस्तू कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरते आणि विक्रीसाठी ती बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत जागा, माणसं, उपकरणं यांच्या अटी आहेत. खाण्याच्या पदार्थाची नोंदणी त्याला चालत नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता, त्याने लेबलं छापून आणली होती आणि मग परवान्याचं कळलं. ती लेबलं त्याने माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण त्याचा साबण खरंच चांगला होता. तुझ्यावर ती वेळ येऊ नये. मुठेल हवं तर कच्चा माल म्हणून परवानाधारक उत्पादकाला विकता येईल, पण तो पुढचा विचार.

राहिली आमसुलं, सरबत आणि आगळ. माझं मत स्पष्ट आहे : या हंगामात फक्त आमसुलं. हलकी असतात, फुटत नाहीत, नीट वाळलेली असली तर वर्षभर टिकतात, कुरिअरने जातात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत ती रोज लागतात, गुजराती घरांत डाळीत पडतात. शिवाय आमसुलांत गिऱ्हाइकाची जी तक्रार असते, ओलसर निघाली, खारट निघाली, बुरशी आली, तिचं उत्तर तुझ्या वहीत आहे. प्रत्येक पाकिटावर खेपेचा क्रमांक आणि वाळवून पूर्ण झाल्याची तारीख टाक. प्रत्येक खेपेतली थोडी आमसुलं कॉलेजच्या ओव्हनमध्ये सुकवून ओलावा किती ते काढ. किती ओलाव्याला बुरशी येत नाही, हा आकडा तुझा तुला सापडला की तो तुझा. सरबत सोडून दे असं मी म्हणत नाही. चाकरमानी मे महिन्यात घरी येतात तेव्हा त्यांना ते हातोहात दे, पार्सल करू नकोस आणि किंमत वाढव.

यंदा 200 ग्रॅमची 100 पाकिटं कर, म्हणजे 20 किलो. त्याहून जास्त नको, गटातल्या काकूंनी कितीही आग्रह केला तरी नको. पावसाच्या तोंडावरचे रातांबे आमसुलांना घेऊ नकोस, वहीने ते तुला सांगितलंच आहे, ते आगळाला जाऊ देत. मला या शंभरांतून एकच गोष्ट कळायला हवी : किती जणांनी गणपतीच्या आधी स्वतःहून दुसऱ्यांदा मागवलं? पहिल्यांदा लोक तुझ्या प्रेमापोटी घेतात. दुसऱ्यांदा घेतात ते आमसुलांसाठी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. विकायच्या आधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी कर, तिचा 14 आकडी क्रमांक पाकिटावर लागतो. सोबत निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवल्याची तारीख, पत्ता आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नकोस. वजन घटतं, चरबी जळते असलं काही पाकिटावर लिहू नकोस. कोकमात काय काय असतं ते तू पुस्तकात वाचलं असशील, पण पाकिटावरच्या दाव्याला पुरावा लागतो. गोवा तुझ्या घरापासून तासा-दीड तासावर, पण ते दुसरं राज्य. राज्याबाहेर करपात्र माल विकताना जीएसटी नोंदणीचा नियम उलाढाल लहान असली तरी लागू होऊ शकतो, म्हणून तिकडे पहिलं पाकीट पाठवण्याआधी कर सल्लागाराला विचार. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवावं लागतं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र तुझ्या जवळ आहे, वाळवणीचे प्रश्न घेऊन एक दिवस तिथे जा, वही घेऊन जा. कर्ज यंदा नको. योजना असतात, त्यांच्या अटी आणि मुदती बदलतात. हंगाम संपला की ओरोसच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन त्या वेळी काय चालू आहे ते बघ.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस. हा धंदा कुणाचा? झाडं घरची, हात गटातल्या बायकांचे, गिऱ्हाइकं तुझ्या ओळखीची. आज सगळं गोडीत चाललंय. चार पैसे दिसले की हाच प्रश्न तुझ्या आईला गटात अवघड करून ठेवेल. माझा सल्ला असा की वाळलेली आमसुलं तू गटाकडून ठरलेल्या दराने विकत घे, दर आधी ठरव, गटाच्या बैठकीत लिहून घे. पाकीट, विक्री, तक्रार तुझी. गटाचे पैसे माल उचलल्या दिवशीच द्यायचे, तुझं पाकीट विकलं गेलं असो वा नसो.

कमकुवत बाजूबद्दल. चारचौघांत बोलता येत नाही, हे मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी मुंबईत चित्रकला शिकायला गेले आणि त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत असं निघालं. मग ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले, मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ते शिकवलं, आणि पुढे 1910 मध्ये त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली. जे जमत नाही ते कुठे लागत नाही, हे शोधायचं असतं. पाकिटं विकायला तुला व्यासपीठ लागत नाही.

तुझी खरी कमकुवत बाजू वहीच्या शेवटच्या पानावर आहे. "येणे बाकी : 2,350." सहा नावं, सगळी मे महिन्यातली, आणि एकाही नावापुढे "मागितले" असं लिहिलेलं नाही. नात्यातल्या माणसाकडे पैसे मागताना जीभ जड होते, मला माहीत आहे. पण हे शिकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. असं लिहून बघ : "काकी, मे महिन्यातल्या आमसुलांचे 480 रुपये यायचे आहेत. शनिवारपर्यंत गुगल पेवर पाठवाल का? यंदाची आमसुलं एप्रिलअखेर तयार होतील, तुमच्यासाठी किती ठेवू?" यात कुणाचा अपमान नाही. 'विसरलात वाटतं' नको, 'सॉरी हं' तर अजिबात नको. सहाही जणांना आठवड्याभरात पाठव आणि वहीत नावापुढे तारीख टाक. यंदापासून नातेवाइकांनाही पैसे आधी, पाकीट नंतर.

कॉलेज सोडायचा विचार मनात असेल तर काढून टाक. पदवी पूर्ण कर, रातांब्याचा हंगाम दीड-दोन महिन्यांचाच असतो.

आता बाबांना. भाऊ, तुमची काळजी मला समजते. बँकेच्या परीक्षांना पदवी लागते. प्रोबेशनरी ऑफिसरच्या सामाईक परीक्षेसाठी वयाची मर्यादा 20 ते 30 आहे, क्लार्कसाठी 20 ते 28. तुमची मुलगी अजून पदवीधर व्हायची आहे, दोन हंगाम तिने हे करून पाहिलं तर त्या परीक्षांचं दार बंद होत नाही. धंदा रक्तात नाही म्हणता, त्यावर मला तुम्हाला एक पान दाखवायचंय. तिच्या वहीत रोजच्या विक्रीखाली दोन रेघा आहेत, उजवीकडे रोख, डावीकडे पाकिटं, आणि खाली ताळा. 18 मेच्या पानावर दहा रुपये कमी भरलेत, तर तिने ते दहा रुपये कुठे गेले ते शोधून दुसऱ्या दिवशी लिहिलंय. ही पद्धत तिला कॉलेजात कुणी शिकवलेली नाही. रात्री डेपोत पैसे भरताना वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, आणि रोकड जुळवणारा माणूस तिने लहानपणापासून घरात पाहिलाय.

म्हणून तुमच्याकडे एक काम मागते. या हंगामात दर रविवारी तिची वही तुम्ही तपासा. जिथे जुळणार नाही तिथे लाल पेनाने खूण करा आणि येणे बाकीचं पान सगळ्यात आधी बघा.