गेम्सकडे स्त्रीवादी नजरेने बघणं म्हणजे फक्त बायकांच्या पात्रांच्या कपड्यांवर आक्षेप का?

नाही. कपड्यांचा मुद्दा चटकन दिसतो, म्हणून तोच गाजतो. माझ्या मते खरे प्रश्न दोन: श्रेय कोणाला, आणि खेळायला मोकळीक कोणाला.

श्रेयाचं बघायचं तर मोनोपॉली, म्हणजे आपल्या 'व्यापार'चा मूळपुरुष. मूळपुरुष कसला, बाईच ती! अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगीने १९०४ मध्ये 'द लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट मिळवलं. जमीन मोजक्यांच्या हाती गेली की बाकीचे कसे कंगाल होतात, हे तिला दाखवायचं होतं. यातूनच पुढे मोनोपॉली आला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने तिचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं आणि मोनोपॉलीचा जनक म्हणून चार्ल्स डॅरो नावाच्या माणसाला मिरवलं.

मोकळिकीसाठी आपल्या कोकणातलं गणपतीचं जागरण आठवा. पडवीत पुरुषांचा पत्त्यांचा डाव पहाटेपर्यंत, चहा मात्र आतून येणार. बायकाही फुगड्या घालतात, पण आधी भांडी उरकून.

मोबाइलवर वेगळं काय? चिपळूण-रत्नागिरीकडच्या कितीतरी मुली पोराच्या नावाने आयडी काढतात आणि माइक बंद ठेवतात, कारण आवाज ऐकला की अनोळखी पोरं नंबर मागतात नाहीतर शिव्या घालतात. आता टीमने खेळायच्या शूटिंग गेममध्ये शत्रू कुठून येतोय हे बोलून सांगावं लागतं. माइक बंद, म्हणजे अर्धी लढाई तिथेच गेली. मग हरल्यावर तीच पोरं म्हणणार, मुलींना खेळता येत नाही.