एस्सिटालोप्रॅम सुरू केल्यावर चौथ्या दिवशी त्रास वाढला, गोळी बंद करावी का?

ताई, मिस्टरांना सायकिॲट्रिस्टने सकाळी एस्सिटालोप्रॅम (नैराश्य-चिंतेवरची गोळी) १० मिग्रॅ आणि रात्री क्लोनाझेपाम (शांत वाटायची, झोपेची गोळी) दिलंय, चार दिवस झालेत, मळमळतंय, बेचैनी उलट वाढलीये आणि सासूबाई म्हणतायत बंद करा, सवय लागेल, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण हीच गोळी बरीच वर्षं घेतलीये, नंतर भावाच्या वेळीही सोबत होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एवढंच की मनाने बंद करू नका, पण मुकाट सोसतही बसू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. या गोळीचा त्रास आधी येतो आणि फायदा मागून येतो, हे घरच्यांना कोणी नीट सांगतच नाही. मळमळ, डोकं जड, तोंडाला कोरड, झोपेची वाट लागणं हे बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं, आणि मन हलकं व्हायला मात्र दोन ते चार आठवडे, पूर्ण फरक दिसायला सहा-आठ आठवडेही लागतात. बेचैनी फार असेल तर डॉक्टर काही दिवस ५ वर आणतात, पण ते त्यांनी ठरवायचं. मळमळीसाठी काहीतरी खाऊन गोळी घ्या, उपवास असला तरी उपाशीपोटी नको.

पण बेचैनीचा एक प्रकार दिसला तर अजिबात वाट बघत थांबायचं नाही. माणूस एका जागी बसूच शकत नाही, चिडतोय, मरणाचं बोलतोय किंवा अचानक रात्र रात्र न झोपता जोरात, मोठमोठे बेत, पैसे उडवणं, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पंचवीसच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००४ मध्ये लहान मुलांसाठी आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्यांसाठी औषधावर तशी ठळक चेतावणी छापायला लावली. पण लक्ष कुठल्याही वयात ठेवायचं, विशेषतः पहिला महिना आणि डोस बदलला की. आणि घराण्यात कोणाला बायपोलर (कधी टोकाची उदासी, कधी टोकाचा जोर, असा आजार) असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंय ना, हे परत विचारा, कारण नुसत्या या गोळीने अशा माणसाला मॅनिया, म्हणजे वर सांगितलेला तो बेभान जोर, येऊ शकतो.

आता सवयीचं. सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते दुसऱ्या गोळीबद्दल खरं आहे. क्लोनाझेपामने लगेच शांत वाटतं, झोप लागते, म्हणून माणूस तीच धरून बसतो, आणि तिची खरंच सवय लागते. ती साधारण सुरुवातीचे थोडे आठवडे आधाराला देतात. पुढच्या व्हिजिटला स्पष्ट विचारा की ही किती दिवस आणि कमी कशी करायची. आपल्याकडे दोन्ही औषधं एकत्र असलेल्या गोळ्याही सर्रास मिळतात, तेव्हा स्ट्रिपच्या मागचं नाव वाचा, नाहीतर क्लोनाझेपाम डबल जायचं. आणि ती घेऊन दारू अजिबात नको, गाडी चालवतानाही जपून.

एस्सिटालोप्रॅमची तशी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण अचानक बंद केली तर चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं, चिडचिड, विचित्र स्वप्नं असं होतं, म्हणून लोकांना वाटतं "लागली सवय". ती डॉक्टरांनी हळूहळू कमी करायची असते. बरं वाटायला लागलं की गोळी सोडणं हीच सगळ्यात जास्त दिसणारी गडबड, पहिल्या वेळी बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. गावी जाताना स्ट्रिप संपणार नाही एवढं बघा, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. एखादा डोस विसरला तर आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवसाची वेळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नको.

बाकी औषधांचं सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्याही, ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं खोकल्याचं सिरप, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, यातलं काही सोबत गेलं तर सेरोटोनिन (ही गोळी मेंदूतलं जे रसायन वाढवते ते) धोकादायक इतकं जास्त होऊ शकतं. ताप, थरथर, स्नायू ताठ होणं, गोंधळणं, धडधड, जुलाब एकदम सुरू झाले तर सरळ कॅज्युअल्टी. डोकेदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मेडिकलमधून उचलू नका, पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉल त्यामानाने बरं. घरातला काढा, आयुर्वेदिक गोळ्या काही चालू असतील तर त्याही लपवू नका. (सासरे-सासूंपैकी कोणाला पुढे ही गोळी लागली तर वयामुळे रक्तातलं सोडियम कमी होतं का ते तपासतात आणि डोस सहसा १० च्या वर नेत नाहीत.)

सेक्समध्ये इच्छा कमी होणं, उशीर होणं, हाही साइड इफेक्ट आहे आणि बरेच पुरुष लाजून सांगत नाहीत, मग गुपचूप गोळी सोडतात. तो सांगितला की त्यावर मार्ग असतात, डोस बदलतात, औषध बदलतात, तेव्हा तुम्हीच विषय काढलात तरी चालेल.

डॉक्टरांचा फोन लागला नाही तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मरणाचा विचार आहे असं कळलं तर मात्र त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.