पाच ते अकरा वयाच्या मुलांसाठी बागेतल्या पायवाटेवर ट्रेझर हंट कसा आखावा?

तुमची चार मुलं, धाकटं पाचचं, थोरलं अकराचं, आणि किलोमीटरभराची पायवाट. माझं पहिलं सांगणं हेच, की वाटेवर काहीही लपवू नका.

पहिल्या खेपेला मी दहा चिठ्ठ्या लपवल्या होत्या. दोन वाऱ्याने उडाल्या, एक झाडलोटीत गेली आणि उरलेल्या पुढे धावणाऱ्या मोठ्या मुलाने पटापट वेचल्या. धाकटी मागून रिकामी पिशवी घेऊन आली आणि रडायलाच लागली. तिचं ते तोंड मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी वाटेवर आधीपासून असलेल्याच गोष्टी शोधायला लावतो. त्या एकाने पाहिल्या म्हणून संपत नाहीत.

माझा सगळ्यात आवडता संकेत असा: ‘कुणीतरी पानावर पांढरी नागमोडी रेघ ओढली आहे. ती कुठून सुरू झाली?’ ही नागअळीची करामत. पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मधला हिरवा गर खात ती आतल्या आत पुढे सरकते. अळी वाढते तसा बोगदाही रुंद होतो, म्हणून रेघेचं बारीक टोक म्हणजे तिचं बाळपण. पान न तोडता उजेडाकडे वळवून बघा, रेघेच्या आत बऱ्याचदा बारीक काळे ठिपके दिसतात. ती तिची शी! हे सांगितल्यावर पाच वर्षांचं पोर जागचं हलत नाही. शिवाय अशी पानं बऱ्याचदा खालच्या झुडपांवरच असतात, अगदी त्याच्या डोळ्यांसमोर. मोठ्यांना तिथे वाकावं लागतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

थोरल्यासाठी वेगळा प्रश्न ठेवा. खोडावर जुनी खूण किंवा कोरलेलं अक्षर दिसलं तर विचारा, झाड दुप्पट उंच झाल्यावर ही खूण कुठे असेल? बहुतेक मुलं ‘वर जाईल’ म्हणतात. ती तिथेच राहते, कारण झाड उंच होतं ते शेंड्याकडून. खोड फक्त जाड होतं. यावर भांडण झालंच पाहिजे, होऊ द्या.

कोळ्याचे आठ पाय आणि मुंगीचे सहा, एकसारखी दोन गळलेली पानं, कुणीतरी कुरतडलेलं फळ, असे आणखी पाच-सहा संकेत पुरेत. किलोमीटरला आठांच्या वर नकोत. यादी सगळ्यांत मिळून एकच ठेवा आणि चौघांनीही पाहिल्याशिवाय खूण करायची नाही, हा नियम आधीच सांगा. माझ्याकडची रडारड थांबली ती या एका नियमाने.

फोनवरचं ॲप वापरावं का, हेही तुम्ही विचारलंत. जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेली वस्तू शोधायचा खेळ, छानच आहे. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसमध्ये जागा दाखवताना मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकाने जंगलात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. तिथून हा खेळ सुरू झाला. थोरल्याला ही गोष्ट जरूर सांगा. पण मोकळ्या आकाशाखालीही फोन साधारण 5 मीटर इकडेतिकडे दाखवतो, दाट झाडीत त्याहून जास्त. लहानांच्या वाट्याला मग दादाच्या हातातल्या फोनकडे बघणंच येतं. म्हणून पहिल्या फेरीला तरी नको.

आदल्या दिवशी, त्याच वेळेला, एकट्याने वाट चालून या. सकाळी दवात चमकणारं जाळं दुपारी दिसेलच असं नाही. मधमाश्यांचं पोळं, काटेरी झुडूप, निसरडा काठ हेही तेव्हाच हेरून ठेवा. घरट्याचा संकेत देऊ नका, मुलं जवळ जातातच.

बक्षीस आणायची गरज नाही. परतताना यादी धाकट्याच्या हातात द्या. आता तो विचारेल आणि मोठ्यांनी जागा आठवून दाखवायच्या.