वडील ७२ वर्षांचे आहेत, रोज तासभर फिरतात. ते खरंच किती तंदुरुस्त आहेत हे घरच्या घरी कसं मोजायचं?

रोज तासभर फिरतात हे फार चांगलं आहे, ते चालूच राहू दे. पण सपाट रस्त्यावर सवयीच्या चालीनं चालायला पायांची जेवढी ताकद लागते, त्याहून खूप जास्त ताकद खाली बसून उठायला, एसटीची उंच पायरी चढायला आणि तोल गेला तर स्वतःला सावरायला लागते. म्हणून मोजायचं ते उठणं. चालणं त्यानंतर.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात ज्येष्ठांच्या घरी जाऊन व्यायाम घेते. माझे बाबा रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारायचे, त्यामुळे त्यांची मला कधी काळजीच वाटली नाही. एकदा घरी सत्यनारायण होता. पूजा आटोपून उठताना त्यांनी एका हातानं चौरंग धरला, दुसऱ्या हातानं माझ्या भावाचा खांदा. त्यानंतर महिन्याभरातच ते न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण पायांतला जोर कधीच ओसरायला लागला होता. दिवसभर इतरांच्या वडिलांना तपासणाऱ्या मला ते स्वतःच्या घरात दिसलं नव्हतं. तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले ते यासाठीच.

आधी खुर्चीची चाचणी करा. अमेरिकेत रिकली आणि जोन्स या दोन संशोधक महिलांनी ज्येष्ठांसाठी चाचण्यांचा एक संच तयार केला, त्यातली ही आहे आणि जगभर वापरली जाते. साधारण १७ इंच उंचीची, बिनहातांची, टणक बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते. बाबांना खुर्चीच्या मधोमध बसवा. तळपाय जमिनीवर, दोन्ही हात छातीवर फुली करून खांद्यांवर. मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि तेवढ्या वेळात ते पूर्ण उभे राहून पुन्हा किती वेळा बसतात ते मोजा. एकदा जरी हाताचा टेकू घेऊन उठावं लागलं, तर आकडा शून्य धरायचा. हे कठोर वाटेल, पण हातांनी उठलेलं पायांच्या खात्यात जमा होत नाही.

पुरुषांसाठी ६० ते ६४ वयात १४ पेक्षा कमी, ६५ ते ७४ मध्ये १२ पेक्षा कमी, ७५ ते ७९ मध्ये ११ पेक्षा कमी आणि ८० ते ८४ मध्ये १० पेक्षा कमी आकडा आला, तर तो सरासरीखालचा मानतात आणि पडण्याचा धोका वाढलेला समजतात. म्हणजे तुमच्या बाबांसाठी रेघ १२ ची.

थोडी विश्रांती देऊन दुसरी चाचणी. खुर्चीपासून ३ मीटरवर फरशीवर खडूनं रेघ मारा. 'उठा' म्हटल्यावर त्यांनी उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी वापरत असतील तर काठीसकट. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर सावध व्हा. इथं घड्याळापेक्षा त्यांच्या वळण्याकडे नीट बघा. दोन पावलांत वळले की पाच-सहा छोटी पावलं टाकत वळले? भिंतीकडे हात गेला का? माझ्या अनुभवात माणूस सरळ चालताना क्वचितच अडखळतो, वळताना अडखळतो.

तोल बघायला एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, एकापुढे एक पाय ठेवून उभं राहायला सांगा. आधाराशिवाय १० सेकंद जमलं पाहिजे. तुम्ही हातभर अंतरावर उभे राहा, मोबाइलमध्ये बघत बसू नका.

हाताची पकड मोजायला यंत्र लागतं. आशियाई पुरुषांसाठी २८ किलोपेक्षा कमी पकड म्हणजे स्नायू कमकुवत, असा निकष २०१९ साली ठरला आहे. यंत्र नसेल तर शिंप्याच्या टेपनं पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. ३४ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायू झडल्याची शंका घ्यायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. पायावर सूज असेल तर हे माप फसवं असतं.

आकड्यांच्याही आधी घरात काही गोष्टी दिसतात. आपल्याकडचे पुरुष 'मला उठता येत नाही' असं तोंडानं म्हणत नाहीत, ते हळूच सवय बदलतात. पँट पलंगावर बसून घालायला लागतात. पंगतीत 'मी टेबलावरच बसतो' म्हणतात. गावी मुक्काम टाळतात, कारण तिथं कमोड नसतो. जिना उतरताना कठड्यावरचा हात सुटत नाही. यातलं काही गेल्या वर्षभरात बदललंय का, हे आईला विचारा. बाबांना विचारलंत तर 'मला काय धाड भरलीय?' एवढंच ऐकायला मिळेल.

अजून एक गोष्ट, पुरुषांच्या बाबतीत हमखास राहून जाणारी. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब खाली येतो. त्यात रात्री दोन-तीनदा लघवीला उठायचं, अंधारात, झोपेत. घरी बीपीचं यंत्र असेल तर पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा, मग उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर यातलं काहीच घरी करू नका. गुडघे फार दुखत असतील तर खुर्चीचा आकडा ताकदीचा नसून दुखण्याचा असतो, हेही लक्षात ठेवा.

हे सगळं त्यांची परीक्षा घेतल्यासारखं करू नका. रविवारी सकाळी चहाच्या आधी तुम्हीही त्याच खुर्चीवर ३० सेकंद उठबस करा, तुमचा आकडा त्यांना मोजू दे. दोघांचे आकडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेखाली लिहा आणि महिन्यानं तीच खुर्ची, तीच वेळ. एकदा १२ आले की १३, त्याला फारसा अर्थ नाही. तीन महिन्यांत १४ चे ११ झाले, तर त्याला आहे.

आकडा कमी आला तर फिरणं वाढवू नका. आठवड्यातून तीन दिवस त्याच खुर्चीवरून आठ-आठ वेळा, सावकाश बसत, दोन-तीन फेऱ्या करायच्या. खाली बसताना मनात चार आकडे मोजायचे, ताकद तिथंही तयार होते. आणि रात्री नुसता दूधभात खात असतील तर सोबत वाटीभर घट्ट वरण, उसळ किंवा अंडं वाढा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

पडल्यानंतर बाबांचा पहिला आकडा ८ होता. १२ व्हायला पाच महिने लागले. आज ते ७८ वर्षांचे आहेत आणि गेल्या रविवारी कॅलेंडरवर त्यांनी स्वतःच्या हातानं १३ लिहिलेत. तुमच्या बाबांचा पहिला आकडा किती आला ते इथं प्रतिक्रियेत नक्की कळवा, पुढचे व्यायाम त्यावरून सांगेन.