पूर वळवणाऱ्या कालव्याच्या काठी पायवाट आणि बाग केली आहे, पण दर पुरानंतर काठ धुपतो. गवत लावावं की काँक्रीट करावं?

दोन्ही. पण आधी काठ कुठून सुटतोय ते बघा. पूर ओसरल्यावर मधल्या उताराचे फोटो काढणारे ढीगभर असतात, पायथ्याला पहार घालून बघणारा एखादाच.

गवताला उगाच नावं ठेवतात. घट्ट मुळं धरलेली हरळी सेकंदाला 2 मीटरच्या आसपास वेग सोसते, फक्त गालिचा सलग हवा. लोक शॉर्टकट मारतात तिथे हातभर रुंद टक्कल पडतं आणि पुराचं पाणी नेमकी तीच वाट धरतं. पाट्या लावून माणसं थांबत नाहीत, तिथेच पायऱ्या बांधा. रॅम्प प्रवाहाच्या दिशेने उतरता ठेवा. उलटा केलात तर पाणी त्यावरून वर चढून काठाला भिडतं.

खरं दुखणं पायवाटेच्या कडेला. गुळगुळीत काँक्रीटवर पाणी वेग धरतं आणि गवतावर उतरताना घुसळतं. पहिल्या पुरात वीतभर खळगा पडतो, तो माती टाकून बुजवतात. दुसऱ्या पुरात ती माती तर जातेच, पाणी स्लॅबखालीही शिरतं, बारीक माती ओढून नेतं. वरून सगळं ठणठणीत दिसतं. पहारीने ठोका, पोकळ वाजेल. मग देखभालीची गाडी चढते, तुकडा खाली बसतो आणि खापर काँक्रीटवर फुटतं!

तिथे पुराचं पाणी जितकं खोल खरवडेल त्याच्याही खाली जाणारी, जमिनीत पुरलेली कटऑफ भिंत हवी आणि तिच्यापुढे दीड-दोन मीटर दगडी पट्टा. सेकंदाला 3 मीटर वेगाला शांत प्रवाहात 20 सेंमीचा दगड टिकतो, घुसळणाऱ्या जागी 38 सेंमीचा लागतो. वेग दुप्पट झाला तर आकार चौपट. खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) किंवा खडीचा फिल्टर. तो वगळलात तर दगड जागेवर राहतात आणि त्यांच्या फटींतून माती निघून जाते. फटींत माती भरून वर गवत वाढवा, पिचिंग, म्हणजे हे दगडी अस्तर, दिसणारही नाही. ‘दगड कुरूप दिसतो’ म्हणणाऱ्या सुशोभीकरणवाल्यांना हेच उत्तर. गॅबियन, म्हणजे दगड भरलेले तारेच्या जाळीचे पिंजरे, मात्र माणसांच्या वावरात नकोत, तुटलेल्या तारा पाय फाडतात.

व्हिएन्नाची नवी डॅन्यूब घ्या, डॅन्यूब नदीचा पूर वळवणारा कालवाच तो. 21 किमी लांब, काम 1988 मध्ये संपलं. एरवी बंधाऱ्यांनी अडवलेलं संथ पाणी, लोक पोहतात. दरवाजे उघडले की तोच काठ पुराचा. मापं त्या दिवसाची धरायची, रविवारच्या सहलीची नाहीत. बाकं आणि दिव्याचे खांबही त्याच हिशेबाने. प्रत्येक खांबाभोवती खड्डा पडतो, म्हणून ते वरच्या पट्ट्यात न्या.

हो, एक राहिलं. 2 मीटरचा आकडा मुरलेल्या गवताचा. नव्या पेरणीला दोन हंगाम द्या, तोवर काथ्याची चटई अंथरा. पूर दोन-तीन दिवस टिकत असेल तर आकडा आणखी खाली धरा. आणि पाणी झपाट्याने उतरल्यावर काठ अख्खा घसरत असेल तर ती धूप नव्हेच. आत अडकलेलं पाणी काढायला निचरा द्या आणि उतार 1:3 (उभं 1, आडवं 3) पर्यंत सपाट करा.