चेक घेण्याआधी

तुझी लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या त्या तापाची, पटकथा वाचली. भातलावणीच्या चिखलात बुडालेले पाय, टाचेची भेग, तिच्यातून आत शिरणारा जंतू, हा शॉट अजिबात कापू नकोस.

आता पैशाचं. सगळा खर्च देणारी ती कंपनी डॉक्सिसायक्लिनच्या, म्हणजे लेप्टोवरच्याच, गोळ्या बनवते ना? मग थांब जरा. अमेरिकेत पीबीएस ही सार्वजनिक वाहिनी निधी घेताना तीन कसोट्या लावते: संपादनावर ताबा कुणाचा, प्रेक्षकाला काय वाटेल, आणि माल विकायचा डाव आहे का. आपल्या बाबतीत दुसरी सर्वांत जड. कंपनीने एक शब्दही बदलला नाही, तरी बघणारा म्हणणारच, "पैसे कोणाचे ते कळलं!"

माझ्या पहिल्या फिल्मला प्रायोजकाने "फक्त तांत्रिक तपासणी" म्हणून रफ कट, म्हणजे फिल्मचं कच्चं संकलन, मागवला. परत आला तेव्हा उंदीर, तुंबलेलं गटार, गमबूट सगळं गायब, गोळी मात्र जागेवर. रत्नागिरीत दाखवली, तर पहिल्या रांगेतल्या काकूंनी विचारलं, "जाहिरात होती काय रे?"

म्हणून करारात आधीच लिहून घे: अंतिम कट आपला, प्रसारणाआधी फिल्म दाखवणार नाही, प्रायोजकाचं नाव एका साध्या पाटीवर. नुसतं तोंडी ठरवून चालत नाही. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची, हे वाक्य निवेदनात ठेव.

कुडाळच्या एखाद्या पतसंस्थेला, काजू कारखानदाराला विचारून बघ. थोडे थोडे मिळतील, पण विषयात त्यांचं काही अडकलेलं नसतं. गमबूटवाला नको हं, तोही त्यातलाच.