बाटलीतला माणूस आणि हिऱ्यांतला रोमिओ

प्रश्न : बाटलीत शिरणाऱ्या माणसावरचे एक जुने इंग्रजी व्यंगचित्र पाहण्यात आले. असा खेळ खरोखर झाला होता का?

उत्तर : खेळ झाला नाही, दंगल मात्र झाली. एक माणूस सर्वांसमक्ष दारूच्या साध्या बाटलीत शिरून आतून गाईल, अशी जाहिरात वाचून १६ जानेवारी १७४९ रोजी लंडनमधील हेमार्केटचे नाट्यगृह भरले. बराच वेळ रंगमंचावर कोणीच येईना, तेव्हा प्रेक्षकांनी बाके मोडली, आतले सामान रस्त्यावर आणून त्याची होळी केली आणि त्या गोंधळात ड्यूक ऑफ कंबरलंड या राजपुत्राची तलवारही नाहीशी झाली. पाठोपाठ निघालेल्या चित्रांपैकी एकाचे शीर्षकच ‘इंग्रजांचा भोळेपणा’ अशा अर्थाचे आहे. जादूगार आलाच नव्हता. थट्टा झाली ती पैसे मोजून बसलेल्यांची.

प्रश्न : माझ्याकडे उच्चभ्रू हौशी नाटकमंडळींवरचे इंग्रज व्यंगचित्रकार गिलरे यांचे चित्र आहे. खाली १८०२ ही तारीख असून मागच्या बाजूलाही एक चित्र छापलेले आहे. ही प्रत त्या काळातील मानावी का?

उत्तर : मानू नये. प्रकाशकाचे नाव आणि तारीख, ज्यावरून चित्र छापतात त्या पत्र्यावरच कोरण्याची अट १७३५ च्या कायद्याने घातली होती. हा कायदा व्हावा म्हणून चित्रकार विल्यम होगार्थ यांनीच खटपट केली होती. त्यामुळे ती तारीख चित्र प्रथम प्रसिद्ध झाल्याची असते, हाती असलेली प्रत छापल्याची नव्हे. गिलरे १८१५ मध्ये वारले, पण त्यांचे तांब्याचे पत्रे शिल्लक होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेन्री बोन या प्रकाशकाने त्यांवरून पुन्हा प्रती काढल्या, त्यांतील पुष्कळ पाठपोट छापलेल्या. आपली प्रत बहुधा त्यांपैकीच असावी. टाकून देण्याजोगी ती खचितच नाही, फक्त किंमत त्या हिशेबाने धरावी.

प्रश्न : अशी चित्रे काढून एखाद्या वेडगळ नटावर अन्यायच होत नव्हता का?

उत्तर : रॉबर्ट कोट्स यांच्याबाबत तरी मला तसे वाटत नाही. कॅरिबियनमधील अँटिगा बेटावरील धनाढ्य मळेवाल्याच्या या पुत्राने १८१० मध्ये इंग्लंडमधील बाथ शहरात हिरे जडवलेल्या पोशाखात रोमिओ साकारला. मरण्याच्या प्रसंगी कपडे मळू नयेत म्हणून तो आधी रुमाल अंथरी, त्यावर टोपी ठेवी आणि मगच सावकाश आडवा होई. त्याची गाडी शिंपल्याच्या आकाराची होती. तिच्यावर कोंबडा आणि ‘जगेन तोवर आरवेन’ हे ब्रीद होते. व्यंगचित्रकार एरवी अशी खूण शोधण्यासाठी डोके खाजवतो. इथे ती गिऱ्हाइकानेच आणून दिली होती.